मतं कुणीही द्या, मोजणार आम्ही : १९व्या शतकातल्या अमेरिकी निवडणुका आणि त्यांची व्यंगचित्रं

एक धिप्पाड माणूस मतपेटीवर रेलून उभा आहे. पोट सुटलेलं, चेहऱ्यावर पूर्ण बेफिकिरी. पेटीवर शब्द आहेत, ‘मोजण्यातच बळ आहे’. चित्राखाली त्याचा सवाल आहे : ‘मतं मोजणारा मी आहे तोवर तुम्ही काय करणार? बोला की!’

हे चित्र ७ ऑक्टोबर १८७१च्या ‘हार्पर्स वीकली’ या साप्ताहिकात छापून आलं. काढणारा थॉमस नॅस्ट, वय ३१. चित्रातला माणूस विल्यम ट्वीड, न्यूयॉर्क शहराचा अनभिषिक्त मालक. लोक त्याला ‘बॉस ट्वीड’ म्हणत. हे चित्र काढलं तेव्हा ट्वीड अजून सत्तेत होता आणि निवडणूक महिन्यावर आली होती.

अशी चित्रं आज इंटरनेटवर सहज सापडतात, पण नुसती पाहिली तर अर्ध्याहून अधिक गोष्टी डोक्यावरून जातात. त्या काळात मत कसं दिलं जायचं आणि ते कसं चोरलं जायचं, हे कळल्याशिवाय चित्रकार कशावर बोट ठेवतोय ते लक्षात येत नाही. म्हणून आधी मतदानाकडे वळू.

गुप्त मतदान आपल्या इतकं अंगवळणी पडलंय की त्याशिवाय निवडणूक असू शकते हे पटत नाही. पण अमेरिकेत १८८८पर्यंत एकाही राज्यात सरकारने छापलेली गुप्त मतपत्रिका नव्हती. मतपत्रिका पक्ष छापत. एका चिठ्ठीवर त्या पक्षाच्या सगळ्या उमेदवारांची नावं असत. पक्षाचे कार्यकर्ते मतदान केंद्राबाहेर उभे राहून चिठ्ठ्या वाटत आणि मतदार ती चिठ्ठी घडी करून पेटीत टाकत. चिठ्ठीचा कागद, रंग, छपाई पक्षापक्षाप्रमाणे वेगळी असे. म्हणजे कोणी कोणाला मत दिलं हे पाच-दहा पावलांवरून दिसायचं. गिरणीमालकाचा मुकादम तिथे उभा असेल, तर कामगाराने कोणती चिठ्ठी हातात धरायची हे ठरलेलंच. मत विकत घेणाऱ्यालाही याचा मोठा फायदा होता. पैसे दिलेल्या माणसाने माल पोचवला की नाही, हे त्याला जागेवरच तपासता येई.

यावर आणखी थर चढले होते. एकच माणूस वेगवेगळ्या नावांनी वेगवेगळ्या केंद्रांवर मतं देत फिरे. अशा लोकांना सरळसरळ ‘रिपीटर’ म्हणत आणि त्यांच्या टोळ्याच असत. बाहेरून आलेल्यांना नागरिकत्वाची कागदपत्रं घाऊक भावात मिळत. १८६८च्या निवडणुकीआधी न्यूयॉर्कच्या काही न्यायाधीशांनी हजारो लोकांना झटपट नागरिक करून टाकलं, आणि त्याची चौकशी पुढे अमेरिकी संसदेच्या समितीला करावी लागली. आणि हे सगळं करूनही आकडे जुळले नाहीत तर शेवटी मोजणी हातात होतीच. ट्वीडने स्वतः १८७७ मध्ये शहराच्या चौकशी समितीपुढे साक्ष देताना सांगितलं की निकाल मतपत्रिकांनी लागत नव्हता, तो मोजणाऱ्यांनी लावला. नॅस्टने सहा वर्षांपूर्वी मतपेटीवर जे लिहिलं होतं, त्यावर खुद्द त्या माणसाने केलेलं हे शिक्कामोर्तब होतं.

आता टॅमनी हॉल म्हणजे काय ते बघू, कारण हे नाव या चित्रांत पावलोपावली येतं. १७८०च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये एक सामाजिक मंडळ म्हणून त्याची सुरुवात झाली. लेनापी या मूळ अमेरिकी जमातीच्या तमानेंड नावाच्या प्रमुखावरून त्याने नाव घेतलं. पुढे ती शहरातल्या डेमोक्रॅटिक पक्षाची यंत्रणा झाली. आयर्लंडमधल्या दुष्काळातून जीव वाचवून आलेली, खिशात दमडी नसलेली माणसं बंदरावर उतरत, तेव्हा त्यांना काम, कोळसा, अडचणीला चार पैसे आणि पोलिसांच्या तावडीतून सुटका देणारा माणूस टॅमनीचा असे. सरकारी मदत नावाची गोष्ट जवळजवळ नव्हतीच. त्या बदल्यात टॅमनी मत मागे आणि लोक ते देत. त्या लोकांना मूर्ख किंवा विकाऊ म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. उपाशी माणसाने आपल्याला भाकरी देणाऱ्याला मत दिलं, यात त्याचा हिशेब चुकलेला नव्हता. हा मुद्दा लक्षात ठेवायला हवा, कारण पुढे नॅस्टची लेखणी इथेच घसरते.

ट्वीड हा या टॅमनीचा म्होरक्या. त्याच्यासोबत आणखी तिघे होते : महापौर ओकी हॉल, शहराचा लेखानियंत्रक रिचर्ड कॉनली आणि पीटर स्वीनी. या चौकडीला ‘ट्वीड रिंग’ म्हणत. त्यांची पद्धत साधी होती. कंत्राटदाराने शहराला फुगवून बिल लावायचं, लेखानियंत्रकाने ते पास करायचं आणि वरचा पैसा वाटून घ्यायचा. याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे चेंबर्स स्ट्रीटवरचं न्यायालय. १८६१ मध्ये सुरू झालेल्या या इमारतीवर सुमारे १ कोटी ३० लाख डॉलर खर्ची पडले. त्याच काळात, १८६७ मध्ये, अमेरिकेने अख्खा अलास्का प्रांत रशियाकडून ७२ लाख डॉलरला विकत घेतला होता. अँड्र्यू गार्वी नावाच्या गिलाव्याच्या कंत्राटदाराच्या नावावर तर २८ लाख डॉलरहून जास्त रक्कम निघाली होती. रिंगने एकूण किती पैसा लुटला याचे अंदाज ३ कोटींपासून २० कोटी डॉलरपर्यंत जातात.

हे आकडे बाहेर आले ते जुलै १८७१ मध्ये. काउंटीचा माजी शेरीफ जेम्स ओब्रायन याचं ट्वीडशी बिनसलं होतं. त्याने खात्याच्या वह्यांच्या नकला ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या हाती दिल्या आणि पेपरने त्या रकाने भरभरून छापल्या. नॅस्ट मात्र त्याच्या आधीपासूनच ट्वीडच्या मागे लागला होता. १० जून १८७१च्या चित्रात त्याने ट्वीडचा भलामोठा अंगठा न्यूयॉर्क शहरावर दाबून धरलेला दाखवला होता. पण चित्राला खरी धार आली ती टाइम्सचे आकडे हाती आल्यावर. लुटारू कोण हे चित्र सांगू शकत होतं, पण किती लुटलं हे सांगायला वह्या लागल्या. व्यंगचित्राच्या ताकदीबद्दल बोलताना हे अनेकदा विसरलं जातं.

१९ ऑगस्ट १८७१चं चित्र जरा जवळून बघण्यासारखं आहे. पंधरा-वीस माणसं गोल करून उभी आहेत. प्रत्येकाचा हात शेजाऱ्याकडे वळलेला आहे. खाली प्रश्न आहे, ‘लोकांचा पैसा कोणी चोरला?’ आणि उत्तर एकच, ‘यानं!’ समोर चौकडी उभी आहे, त्यात ट्वीड सगळ्यात फुगीर. मागे कंत्राटदारांची रांग, कुणाच्या कपड्यावर तर कुणाच्या टोपीवर त्याची ओळख लिहिलेली. नजर एका चेहऱ्यावरून सुरू करा, बोटाच्या दिशेने पुढच्यावर जा, मग त्याच्या पुढच्यावर. वर्तुळ पूर्ण होऊन तुम्ही परत ट्वीडपाशी येता. प्रत्येक जण आपली जबाबदारी पुढच्यावर ढकलतोय आणि त्याच हालचालीने सगळे एकमेकांना बांधले गेलेत. हे सगळं समजायला एक अक्षर वाचता यायची गरज नाही, आणि हीच या चित्राची करामत आहे.

ट्वीडच्या तोंडी एक वाक्य कायम सांगितलं जातं : ‘तुमच्या पेपरातल्या लेखांची मला काडीची पर्वा नाही, माझ्या मतदारांना वाचता येत नाही. पण ती मेली चित्रं त्यांच्या डोळ्यांना दिसतातच ना!’ नॅस्टच्या चरित्रात असंही आलंय की त्याने युरोपला जाऊन चित्रकला शिकावी म्हणून त्याला १ लाख डॉलरची लालूच दाखवली गेली. त्याने मुद्दाम घासाघीस करत आकडा ५ लाखांवर नेला आणि मग नकार दिला. हार्पर कंपनीचीही कोंडी करण्यात आली. ती शाळेची पुस्तकं छापत असे, आणि न्यूयॉर्कच्या शाळांनी तिची पुस्तकं घेणं बंद केलं. तरी मालकांपैकी फ्लेचर हार्पर नॅस्टच्या मागे उभा राहिला. मालकाने असा कणा दाखवला नसता तर नॅस्टची प्रतिभा कुठे छापली गेली असती, हा प्रश्न माझ्या मनात नेहमी येतो.

ही चित्रं छापणं म्हणजे काय कष्ट होते तेही सांगायला हवं. फोटोवरून ठसा करायची सोय अजून आली नव्हती. बॉक्सवूड नावाच्या टणक लाकडाच्या ठोकळ्यावर नॅस्ट पेन्सिलीने थेट चित्र काढायचा, तेही उलटं, म्हणजे कागदावर ते सुलटं उमटेल. त्या झाडाचं खोड बारीक असल्यामुळे मोठा ठोकळा मिळत नसे. म्हणून लहान तुकडे मागून बोल्टने जोडून पानाएवढा ठोकळा तयार होई. घाई असली की तुकडे सुटे करून वेगवेगळ्या कारागिरांकडे देत. प्रत्येक जण आपल्या तुकड्यावरची पांढरी जागा कोरून काढी, रेषा तेवढ्या वर राहत आणि मग तुकडे परत जोडले जात. जुन्या अंकांत चित्राच्या मधून कधी कधी एक बारीक सरळ पांढरी रेघ गेलेली दिसते, ती हीच सांध्याची खूण.

नोव्हेंबर १८७१च्या निवडणुकीच्या तोंडावर नॅस्टचं सगळ्यात गाजलेलं चित्र आलं. अंकावर तारीख ११ नोव्हेंबरची आहे आणि मतदान होतं ७ तारखेला. पण साप्ताहिकं पुढची तारीख टाकून आधीच विक्रीला येत, त्यामुळे मतदानाआधी ते लोकांच्या हाती होतं. रोमन रिंगण, वरच्या सज्जात सम्राटाच्या वेशातला ट्वीड आणि त्याचे साथीदार, खाली एक प्रचंड वाघ. वाघाच्या पंज्यांखाली अमेरिकी प्रजासत्ताकाची स्त्रीरूपी मूर्ती पडलेली आहे. वाघ तिच्याकडे बघत नाहीये, तो चित्राबाहेर, थेट वाचकाकडे बघतोय. खाली तोच प्रश्न, ‘आता तुम्ही काय करणार?’ वाघ का, तर ट्वीडची सुरुवात ज्या अग्निशमन पथकातून झाली त्या पथकाच्या बंबावर डरकाळी फोडणारा वाघ रंगवलेला होता. ज्या खुणेचा ट्वीडला अभिमान होता तीच नॅस्टने त्याच्यावर उलटवली, आणि पुढची अनेक दशकं टॅमनी म्हटलं की वाघ असं समीकरण होऊन बसलं. रिपब्लिकन पक्षाचा हत्तीही नॅस्टनेच १८७४ मध्ये रूढ केला.

त्या निवडणुकीत टॅमनीचे बरेच उमेदवार पडले. ट्वीड स्वतः मात्र राज्याच्या सेनेटवर, म्हणजे विधिमंडळाच्या वरिष्ठ सभागृहावर, पुन्हा निवडून आला. चित्रांनी ट्वीडला हरवलं असं जे सरधोपट सांगितलं जातं, ते या एका निकालाने अर्धवट ठरतं. त्याला पाडलं ते खटल्यांनी. १८७३ मध्ये त्याला १२ वर्षांची शिक्षा झाली, अपिलात ती एका वर्षावर आली आणि तो सुटला. लगेच शहराच्या पैशाच्या वसुलीसाठी त्याला पुन्हा अटक झाली. डिसेंबर १८७५ मध्ये पहाऱ्यातून तो घरी भेटीला गेला आणि तिथूनच पसार झाला. आधी क्यूबा, मग स्पेन.

पुढे नॅस्टचं चित्र पुन्हा कथेत येतं. १ जुलै १८७६च्या अंकात त्याने ट्वीडला कैद्यांच्या पट्ट्यापट्ट्यांच्या कपड्यांत, दोन लहान पोरांच्या मानगुटी धरलेला दाखवला होता. मोठा चोर छोट्या चोरांना पकडून न्यायाचा आव आणतोय असा त्याचा रोख होता. सप्टेंबर १८७६ मध्ये स्पेनमधल्या विगो बंदरात ट्वीडला ओळखायला हेच चित्र कामी आलं, आणि तिथल्या अधिकाऱ्यांनी त्याला मुलं पळवणारा समजलं अशी गोष्ट सांगतात. त्याला परत आणलं आणि १२ एप्रिल १८७८ला न्यूयॉर्कच्या लडलो स्ट्रीट तुरुंगात तो मेला.

नॅस्टनंतरची पिढी रंगात आली. व्हिएन्नाहून आलेल्या जोसेफ केप्लरने ‘पक’ नावाचं साप्ताहिक काढलं, १८७६ला जर्मनमध्ये आणि १८७७ला इंग्रजीत. दगडी छापाची रंगीत, मोठी चित्रं हे त्याचं वैशिष्ट्य. २३ जानेवारी १८८९चं केप्लरचं चित्र आजही अमेरिकी पाठ्यपुस्तकांत असतं. अमेरिकी संसदेच्या सेनेट या वरिष्ठ सभागृहात सदस्य बाकांवर चिमुकले दिसतात आणि मागे पोलाद, तांबं, साखर, तेल अशा मक्तेदार कंपन्या पैशाच्या फुगलेल्या थैल्यांसारखी शरीरं घेऊन उभ्या आहेत. त्यांच्यासाठीचं दार सताड उघडं, तर ‘जनतेसाठी प्रवेश’ लिहिलेलं दार कड्या घालून बंद. ही नुसती कल्पना नव्हती. १९१३ मध्ये सतरावी घटनादुरुस्ती होईपर्यंत सेनेटचे सदस्य राज्यांच्या विधिमंडळांतून निवडले जात. लाखो मतदारांपेक्षा काही डझन आमदार विकत घेणं कितीतरी सोपं होतं.

१८८४च्या अध्यक्षीय निवडणुकीत रिपब्लिकन उमेदवार जेम्स ब्लेन याला ‘पक’च्या बर्नहार्ड गिलमने अंगभर गोंदवलेला माणूस करून टाकलं. रेल्वे रोख्यांच्या व्यवहारांपासूनची प्रत्येक भानगड म्हणजे एकेक गोंदण. मतदानाच्या काही दिवस आधी, २९ ऑक्टोबरला ब्लेन न्यूयॉर्कच्या डेल्मोनिको हॉटेलात धनाढ्यांच्या मेजवानीला बसला आणि दुसऱ्या दिवशी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’च्या पहिल्या पानावर वॉल्ट मॅकडूगलचं चित्र झळकलं. टेबलाशी ब्लेन आणि कोट्यधीश, पुढ्यात हात पसरलेलं एक उपाशी कुटुंब. ब्लेन न्यूयॉर्क राज्य साधारण हजार-अकराशे मतांनी हरला आणि तिथेच अध्यक्षपदही गेलं. एवढ्या थोड्या फरकामागे कारणं अनेक होती, पण त्यातून चित्र वगळता येत नाही.

आता मघाशी बाजूला ठेवलेला मुद्दा. नॅस्टच्या चित्रांतले आयरिश लोक माकडासारख्या जबड्याचे, दारूची बाटली खिशात घातलेले असतात. ३० सप्टेंबर १८७१च्या ‘अमेरिकेची गंगा नदी’ या चित्रात कॅथलिक बिशप मगरी होऊन शाळकरी मुलांवर चाल करून येतात. त्यांच्या उंच टोप्या म्हणजेच मगरींचे जबडे. रेखाटन म्हणून ते थक्क करणारं आहे आणि आशय म्हणून निव्वळ द्वेषाचं. त्याच नॅस्टने ५ सप्टेंबर १८६८ला एका कृष्णवर्णीय सैनिकाला तुडवणारे तिघे दाखवले होते. त्या सैनिकाच्या हाताला मतपेटी पोचत नाही. कृष्णवर्णीयांच्या मताधिकारासाठी इतक्या ताकदीने क्वचितच कोणी चित्र काढलं. आणि आठ वर्षांनी, ९ डिसेंबर १८७६ला, त्याच हाताने तराजूच्या एका पारड्यात दक्षिणेतला कृष्णवर्णीय आणि दुसऱ्यात उत्तरेतला आयरिश बसवून दोघांनाही ‘अडाणी मतं’ ठरवलं. चोर नेत्यांवर सुरू झालेला राग हळूहळू गरीब मतदारावर सरकला. त्याच हंगामात, २१ ऑक्टोबर १८७६ला, ‘हार्पर्स’मध्येच ए. बी. फ्रॉस्टचं चित्र आलं होतं : एका कृष्णवर्णीय माणसाच्या डोक्याला दोन गोरे पिस्तुलं लावून डेमोक्रॅट चिठ्ठी टाकायला लावताहेत आणि तू मोकळा आहेस असं त्याच्याकडून वदवून घेताहेत. मला फ्रॉस्टचं हे चित्र नॅस्टच्या तराजूपेक्षा कैक पटीने खरं वाटतं, कारण मत कोण हिसकावून घेतंय हे त्यात स्वच्छ दिसतं.

चित्रांनी माणसं बदनाम केली, पण मतदानाची पद्धत तीच होती. १८८८ मध्ये रिपब्लिकन पक्षाचा खजिनदार विल्यम डडली याच्या नावाने इंडियानातलं एक पत्र फुटलं. त्यात सूचना होती की डगमगत्या मतदारांचे पाच-पाचचे गट करा, प्रत्येक गटावर पैशासकट एक भरवशाचा माणूस नेमा, आणि एकही निसटणार नाही याची जबाबदारी त्याच्यावर टाका. त्या पत्राने उडालेल्या गदारोळामुळे इंडियानाने १८८९ मध्ये ऑस्ट्रेलियन पद्धत स्वीकारली. १८५६ मध्ये व्हिक्टोरिया आणि दक्षिण ऑस्ट्रेलियात सुरू झालेली ही पद्धत म्हणजे सरकारने छापलेली एकच मतपत्रिका, सगळ्या उमेदवारांची नावं, आडोशाला जाऊन खूण. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सने १८८८ मध्ये राज्यभरासाठी कायदा केला होता आणि १८९६पर्यंत बहुतेक राज्यांत ही पद्धत पोचली. विकत घेतलेलं मत खरंच पडलं का, हे तपासायची सोय त्यामुळे गेली.

मात्र रंगीत चिठ्ठी निरक्षर माणसालाही ओळखू येत होती, छापील यादी वाचावी लागे. दक्षिणेतल्या राज्यकर्त्यांनी ही गोष्ट लगेच हेरली. टेनेसीने १८८९ला आणि आर्कान्सॉने १८९१ला गुप्त मतपत्रिका आणली, तेव्हा तिथले हजारो मतदार गुलामगिरीत जन्मलेले होते आणि गुलामांना अक्षर शिकवणं दक्षिणेतल्या अनेक राज्यांत गुन्हा होता. पुढच्या काही निवडणुकांतच तिथे मत द्यायला येणाऱ्या कृष्णवर्णीयांची संख्या कोसळली.